धुवायचे राहिलेले चेहरे

मागच्या आठवड्यात बापूभाऊजी खामगावहून तुमचा फोटो मोठा करून घेऊन आले. चौकटीत बसवलेला, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं. आल्या आल्या त्यांनी बैठकीत खिळा ठोकला, मग सुतळी सोडून कागद काढला. मी एकदा पाहिलं आणि म्हटलं, "भाऊजी, हा लावू नका."

"काऊन वहिनी? चांगला तं हाय."

चांगलाच होता. स्टुडिओवाल्यानं मेहनत घेतली होती. ऑफिसच्या ग्रुप फोटोतून तुमचा चेहरा उचलून मोठा केला होता. कपाळावरच्या आठ्या पुसल्या होत्या, गाल भरले होते. डाव्या भुवईत म्हशीच्या शिंगानं पडलेली खाच बुजवून भुवई सलग केली होती. अंगात कोट रंगवला होता. चौकटीतला माणूस कुठंतरी मुलगी पाहायला आल्यासारखा ताठ बसला होता. मी त्याला ओळखत नव्हते.

"माणूस गेला की भिंतीले फोटू लागते वहिनी."

"लागतो. पण त्यांचा."

भाऊजी रागावले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा गुंडाळला आणि फोटो आपल्या घरी घेऊन गेले. ते गेल्यावर मी पायरीवर येऊन बसले. मला जानेफळची सुभद्राबाई आठवत होती. ती तुमच्यासमोर उभी राहून जे बोलली, तेच मी आता माझ्या तोंडानं बोलले होते. तुमचं-माझं त्यावरून सुरू झालेलं भांडण तसंच राहिलं आहे. तुम्ही ते अर्ध्यावर टाकून निघून गेलात.

तुम्हाला लोक ढोरांचा डाक्टर म्हणत. तुम्हाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून तुम्ही तो घडीचा कॅमेरा घेतलात, तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता आणि आपणही बुलढाण्यात नवे होतो. आजारी जनावरांचे फोटो काढून ठेवीन, पुढं उपयोगी पडतील, असं मला सांगितलंत. पहिल्या रोलवर खरंच बैल होते. दुसऱ्यावर बैलाची वेसण धरलेला माणूस आला, मग त्या माणसाची म्हातारी आई, मग शेजारचे सगळे. "साहेब, माहा बी काढा ना," असं कोणी म्हटलं की तुमच्याच्यानं नाही म्हणवत नसे. जन्मात कधी फोटो न निघालेली माणसं ती. अंगणात उभी राहायची, पदर सारखा करायची, टोपी नीट बसवायची आणि श्वास धरून तुमच्याकडे पाहायची.

फोटो काढायला डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ लागतो. पुढचं सगळं आपल्या न्हाणीत व्हायचं. रविवारी दुपारी तुम्ही खिडकीला घोंगडी बांधायचे, लाल दिवा लावायचे, आणि जुन्या कॅमेऱ्याचं भिंग आणि दुधाच्या भुकटीचा डबा जोडून केलेलं ते फोटो मोठा करायचं एन्लार्जर पाटावर मांडायचे. रोल धुवायचा, सुकवायचा, त्यातून फोटो छापायचे, ते पुन्हा धुवायचे. औषध नीट निघालं नाही तर फोटो पिवळा पडतो, म्हणून पाण्यावर पाणी लागायचं. उन्हाळ्यात बुलढाण्यात घागरभर पाण्यासाठी बायका भांडतात, आणि आपल्या मोरीतून माणसांचे चेहरे धुतलेलं पाणी वाहत जायचं. मी ते झाडांना घालायला मागितलं तर म्हणायचे, "झाडं मरतील, त्यात औषध हाय."

एवढं होऊनही तुमचं भागायचं नाही. खरं काम पुढंच असायचं, ते टचिंग. पेन्सिलीचं टोक पॉलिश कागदावर घासून सुईसारखं करायचं, डाव्या हातात भिंग धरायचं आणि निगेटिव्हमधल्या नखाएवढ्या चेहऱ्यावर शिशाचे बारीक बारीक ठिपके भरत जायचं. कोणाची सुरकुती भरायची, कोणाच्या गालावरचा डाग घालवायचा. मी चहा घेऊन आले की तुम्ही न पाहताच म्हणायचे, "थांब, हात हालते." एकेका चेहऱ्यावर एकेक रविवार जायचा.

"लोकायले आपलं चांगलं रूप पाहू दे ना, सुमन. खरं तं ते रोजच आरशात पाहतात."

ती तुमची माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एक चेहरा पुरा होईपर्यंत आठवड्यात आणखी दोन रोल भरून यायचे. आधी ते कपाटात होते, मग बिस्किटांच्या डब्यांत, मग डबे पलंगाखाली. काहींवर गावाचं नाव लिहिलेलं, बहुतेकांवर काहीच नाही. मी म्हणायचे, "काढणं तरी थांबवा, नाहीतर धुणं तरी उरका."

"काढणं कसं थांबवू बाप्पा? आज समोर उभा हाय तो माणूस उद्या असनच असं नाही."

"मग डब्यात घातला म्हणजे तो राहिला का?"

तुम्ही हसायचे. तेव्हा अजून हसत होता.

सुभद्राबाई आली ती हिवाळ्यातल्या एका दुपारी. तुम्ही दवाखान्यात होता. दारात एक काटक बाई, हातात वांग्यांची पिशवी. "ढोराच्या डाक्टराचं घर हेच का?" मी हो म्हटलं तशी ती पायरीवर बसली. आत ये म्हटलं तरी येईना.

"जानेफळची हावो मी. आमचा भाजीचा मळा हाय. साहेबानं माह्या पोरीचा फोटू काढला होता. गोदीचा. वासराच्या गळ्यात हात टाकून उभी होती."

"मिळेल ना. मी सांगते त्यांना."

"लवकर भेटन का? ते गेली बाई. ताप आला अन् गेली." तिनं हे सांगितलं आणि पिशवीतली वांगी एकेक करून पायरीवर काढून ठेवली, जणू त्यासाठीच आली होती. मग म्हणाली, "झोपीत तिचं तोंड दिसते मले. जागी झाली का निसटते. फोटू असला तं निसटनार नाही."

तुम्ही घरी आल्यावर मी सांगितलं आणि तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठलात. वासरू आठवत होतं, त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा आठवत होता, ऊन कुठल्या बाजूचं होतं तेही आठवत होतं. रोल मात्र आठवत नव्हता. तुम्ही रजा टाकलीत आणि डबे उघडलेत. न्हाणीत दोऱ्यांवर रोलच्या पट्ट्या लोंबू लागल्या. आंघोळी परसात सुरू झाल्या. सुकलेली पट्टी खिडकीशी धरून मीही पाहायची. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात आणि चेहरे काळे पडतात. लहान पोरंसुद्धा म्हातारी दिसत होती. सगळेच कुठूनतरी पलीकडून पाहत होते. एका पट्टीवरचा म्हातारा तुम्ही ओळखलात आणि म्हणालात, "हा बी गेला." थोड्या वेळानं पुन्हा, "हे बाई बी गेली." मग म्हणालात, "यात जिते कोण अन् मेले कोण, पाहून काहीच समजत नाही."

एका दुपारी तुम्ही हाक मारलीत. मी आत आले, दार ओढून घेतलं. लाल उजेडात तबकातला कागद पांढरा होता. आधी वासराचा डोळा वर आला, मग मुलीच्या केसांचा भांग, मग वासराच्या मानेला टेकलेला तिचा गाल. बारा-तेरा वर्षांची असेल. हसू दाबून धरलेलं. आणि सबंध चेहऱ्यावर देवीचे वण.

"आली," तुम्ही म्हणालात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हाच तो फोटो वाळवून टपालानं धाडला असता तर आज मी हे लिहीत नसते. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही पेन्सिल तासायला बसलात.

"अहो, तसाच द्या. ती बाई वाट पाहून राहिली असेल."

"हे वण पाह्य. एवढी गोड पोर अन् तोंडाची कशी चाळण झाली."

"तिचेच आहेत ते."

"मेलेल्या पोरीले कशाले पायजेत वण?"

तुम्ही कितीतरी रविवार त्या चेहऱ्यावर बसलात. असं काम तुम्ही आधी कधी केलं नव्हतं. गोदीचा गाल दुधाच्या सायीसारखा झाला. शेवटी छापून हातात घेतलात तेव्हा तुम्ही किती दिवसांनी समाधानानं जेवलात!

जानेफळला आपण दोघंही गेलो. सुभद्राबाई मळ्यात विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत होती. लुगड्याला हात पुसून तिनं फोटो घेतला. पाहिला. उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"हे कोन व्हय, साहेब?"

"गोदी हाय बाई."

तिनं नवऱ्याला हाक मारली. तो आला, वाकून पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "वासरू आपलंच हाय."

मग सुभद्राबाई तुमच्याकडे वळली. आवाज चढला नाही तिचा. "माह्या गोदीले देवी आलत्या, साहेब. मी उशाशी बसून लिंबाचा पाला फिरवला तिच्या तोंडावरून. एकेक फोड मले माहीत होती. वाचली त्यातून. हे कोनी मोठ्या घरची पोर हाय. हे माही नाही."

दोन्ही हातांनी तिनं फोटो तुम्हाला परत दिला. चहा केला. निघताना पिशवीत मेथी घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. एसटीत तुम्ही फोटो मांडीवर पालथा धरून बसला होता. मेहकर आलं, गाडी बदलली, चिखली गेलं, तरी फोटो तसाच पालथा.

त्यानंतर तुम्ही पेन्सिल हातात घेतली नाहीत. घरी येऊन टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा बुडवला आणि निगेटिव्हवरचं सगळं शिसं पुसून काढलं. वण परत आले. मला वाटलं, आता छापाल आणि देऊन याल. तुम्ही ती पट्टी पुडीत घालून ठेवून दिलीत.

"झालं ना आता? छापा. मी येते सोबत."

"एकदा ते बाई 'माही नाही' म्हणली, सुमन. दुसऱ्या खेपेले बी म्हणली तं?"

"नाही म्हणणार."

"तुले काय माहीत? मले तं आता माह्यावरच भरोसा नाही."

मग ते तुमच्या मनात घर करून बसलं. जेवता जेवता थांबायचे. याआधी टचिंग करून दिलेले फोटो आठवायचे. तळणीच्या रस्त्यावरचा तो पाटील, चिखलीची ती विधवा म्हातारी, मढ्यासमोर ठेवायला घाईनं मागून नेलेला कोणाचा तरी बाप. एकदा मला म्हणालात, "मी किती घरात परकी माणसं टांगून ठेवली असतील, सांग." मी म्हटलं, बाकी कोणी तक्रार केली नाही. तुम्ही म्हणालात, "बाकीच्यायनं सांगितलं नसन."

गोदी दिसते, असंही एकदा म्हणालात. गावाबाहेर जीप वळली की शेताच्या धुऱ्यावर वासराजवळ उभी असते. मी घाबरून विचारलं, बोलते का काही? "नाही. पण कोणती हाय ते समजत नाही. वणाची का बिनवणाची. गाडी जवळ गेली का पाठ फिरवते."

मी खामगावच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत.

आणि तरीही तुम्ही फोटो काढतच राहिलात. हे मला कधीच उमगलं नाही. धुणं थांबलं, छापणं थांबलं, पण संध्याकाळी घरी आलात की खिशातून भरलेला रोल निघायचा आणि डब्यात पडायचा. मी चिडायची. धुवायचेच नाहीत तर त्या माणसांना उभं कशाला करता? तुम्ही म्हणायचे, "ते उभे राहतात तेव्हा लय खरे दिसतात. तेवढं तं पाहू दे मले." आज वाटतं, ते तुमचं सगळ्यात खरं बोलणं होतं. मी त्या दिवशी ते नीट ऐकलं नव्हतं.

पिंपळगाव राजाकडे गुरांमध्ये खुरकुताची साथ आली, त्या सकाळी आपलं शेवटचं बोलणं झालं. तुम्ही बुटाची लेस बांधत होता. मी म्हटलं, "ती बाई काय जन्मभर झोपेतच मुलीचं तोंड पाहणार का?" तुम्ही मान वर केली नाहीत. "आल्यावर बोलू," म्हणालात. 'बोलू' म्हणालात, 'भांडू' नाही. म्हणजे काहीतरी बोलायचं होतं तुम्हाला. काय, ते आता मी कुठं विचारू?

तुम्हाला जीपमधून आणलं. सोबत आलेल्या शेतकऱ्यानं सांगितलं, साहेबानं बैलाचं तोंड उघडून पाहिलं, हात धुतले, "जरा बसतो" म्हणून गोठ्याच्या भिंतीला टेकले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं. आपली लेक कुसुम सासरी अमरावतीला परत गेली. घर इतकं गप्प झालं की मला न्हाणीतला आवाज ऐकू यायला लागला. दोऱ्यांवरच्या पट्ट्या वाऱ्यानं एकमेकींवर घासतात, त्याचा. भर दुपारी वाटायचं, आत माणसं बसली आहेत आणि हळू आवाजात तुमची चौकशी करताहेत. मी ते दार उघडत नव्हते. भाऊजींनी खामगावचा तो फोटो आणला त्या दिवशी उघडलं.

तुम्ही मला मुद्दाम काही शिकवलं नव्हतं. पण इतकी वर्षं चहा घेऊन दाराशी थांबले होते, हात आपोआप चालले. खिडकीला घोंगडी बांधली. गोदीच्या पट्टीची पुडी काढली. पहिला कागद सगळा काळा झाला. पुढचा इतका फिका की गोदी धुक्यात उभी असल्यासारखी. मग मी तुमच्यासारखे आकडे मोजत उजेड दिला आणि कागद तबकात टाकून तबक हलवत राहिले. आणि खरं सांगते, माझ्या पाठीमागे तुम्ही होता. टचिंग करताना श्वास धरायचे तसा धरून. मानेला ते कळत होतं. मी मागं वळले नाही. वळले असते तर तुम्ही नसता.

वासराचा डोळा आला. भांग आला. गाल आला तो वणांसकट आला. मी कशालाही हात लावला नाही.

परवा भाऊजींना घेऊन जानेफळला गेले. महिना झाला नाही तोवर ही कुठं निघाली, असं शेजारी बोलले असतील. बोलू देत. सुभद्राबाई वाफ्यात खुरपत होती. तिनं माझं कपाळ पाहिलं आणि खुरपं खाली ठेवलं.

"कवा?"

"महिना होत आला."

तिनं मला बांधावर बसवलं, पाणी दिलं. मग जे म्हणाली ते मला माहीत नव्हतं.

"साहेब त्याच्यानंतर दोनदा येऊन गेलते."

"इथे?"

"हाव. गाय पाह्यतो म्हनत. गाय काही बिमार नोती. गोठ्यात उभे राह्यले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. एक डाव पिशवीत हात घातला अन् तसाच काढून घेतला. मले वाटलं, आता बोलतीन. मी बी नाही इचारलं. त्या दिवशी तसं बोलून बसली, मंग कोन्या तोंडानं मागू?"

म्हणजे तुम्ही तिथवर गेला होता. तिच्या गोठ्यापर्यंत. दोघंही समोरासमोर, आणि मध्ये गाय. पिशवीत काय होतं? तुम्ही माझ्या नकळत छापला होता का? मी घरी येऊन सगळं शोधलं. मिळालं नाही. आता कळणारही नाही.

मी फोटो तिच्या हातात दिला. या वेळी तिनं तो उलटा करून पाहिला नाही. तिचं बोट गोदीच्या गालावरून फिरू लागलं, कागदाला न टेकता, एका वणावरून दुसऱ्यावर. नवरा येऊन मागं उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि "गोदे," म्हणाला, घरातून बाहेर हाक मारावी तसं. सुभद्राबाई तेव्हा रडली.

मी तुमच्यावर रागावलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. तुम्ही एकटे का गेलात, मला का सांगितलं नाहीत, याचा राग माझा जन्मभर जायचा नाही. पण तुमच्यामुळं मी किती माणसं ओळखते! ज्या गावांत माझं पाऊलही पडलं नाही तिथल्या म्हाताऱ्या, तिथली पोरं, त्यांचे बैल. काल मी पलंगाखालचे डबे बाहेर ओढले. एका रोलचं काही आलंच नाही, उन्हानं गेला असावा. दुसऱ्यावर एक जोडपं आहे, कुठल्या गावचं कोण जाणे. बाई नवऱ्याहून उंच आहे आणि दोघंही त्याबद्दल हसताहेत. विचारत विचारत जाईन मी. जमेल तेवढं करीन, सगळं होईल असं नाही.

परवा जानेफळहून आम्ही निघालो तेव्हा सुभद्राबाई फोटो पदराखाली धरून सडकेपर्यंत आली. एसटी दिसली. भाऊजींनी हात केला. गाडी थांबता थांबता तिनं माझा दंड धरला.

"साहेबाले सांगजा..."

म्हणाली आणि थांबली. तिच्याही लक्षात आलं होतं. पण तिनं शब्द मागं घेतले नाहीत. मी पायरीवर चढले तशी ती खालून पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, कंडक्टरनं घंटी मारायचा हात थांबवला इतक्या मोठ्यानं.

"सांगजा साहेबाले. हे माहीच हाय."